जुन्या वस्त्रांची उलटी बाजू शिवणाऱ्यांना पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवजयंतीनंतरच्या आपल्या अंकात मिरवणुकीची पानभर छायाचित्रे होती आणि वर मथळा होता, ‘अवघा शिवकाळ अवतरला’. त्यात दांडपट्टा फिरवणाऱ्या काही पोरांच्या अंगातले अंगरखे माझ्या हातचे आहेत, त्यामुळे पान पाहून बरे वाटले. पण त्यांच्याच शेजारी भगव्या सॅटिनचे, पाठीला चेन लावलेले, छातीवर सोनेरी लेस चिकटवलेले भाड्याचे पोशाखही उभे होते. त्या पोरांवर माझा राग नाही. हौसेने येतात, मिळेल ते अंगात घालतात. मला विचारायचे आहे ते एवढेच, की ज्याला खरोखर त्या काळासारखे शिवायचे आहे, त्याने शिकायचे कुठून?

मी साताऱ्यात घरीच शिवणकाम करते. आधी सासऱ्यांचे दुकान होते, आता पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. शाळेचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको यावर घर चालले. जुन्या पोशाखांकडे मी अभ्यास म्हणून वळलेले नाही. मर्दानी खेळ शिकवणारे एक वस्ताद फाटक्या अंगरख्यांचे गाठोडे घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘ताई, नुसते टाके घालून द्या, कार्यक्रम परवावर आलाय.’’ एकेक अंगरखा उलगडला तर सगळे एकाच जागी गेलेले, काखेत.

कारण उघड होते. आजचा सदरा काय, कुर्ता काय, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, गोल कापायचा आणि त्यात बाही बेताने बसवायची, हेच आम्ही शिकलो. हात खाली असला की असा कपडा अंगावर सुरेख बसतो. हात डोक्यावर गेला की सगळा अंगरखा वर ओढला जातो आणि ताण येतो तो काखेच्या शिवणीवर. पट्टेकऱ्याचा हात तर खाली येतच नाही. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात हात कोपरापर्यंत जातो, मनगट वळत नाही, म्हणून फिरवण्याचा सगळा जोर खांद्यातून लावावा लागतो. त्या जोरापुढे गोल मुंढा टिकणार कसा?

जुनी पद्धत वेगळी होती. बाही सरळ, अंगाचा तुकडा सरळ, आणि दोहोंच्या मध्ये काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा, चौबगला. सासऱ्यांच्या वेळच्या जुन्या बंड्यांना तो मी पाहिला होता. आमच्या पिढीने तो ‘गावठी’ म्हणून सोडला. हा चौकोन काखेत कोपऱ्यावर बसतो, म्हणजे हात वर नेला की ओढ कापडाच्या तिरक्या अंगाला बसते, आणि तिरके कापड ओढ सोसते. बाही वर जाते, अंगरखा जागेवर राहतो. वस्तादांच्या गाठोड्यातल्या सगळ्या अंगरख्यांच्या काखा उसवून मी चौबगले घातले. ते अंगरखे त्या जागी पुन्हा फाटले नाहीत. मिरवणुकीत जे सहज दिसत नाही, त्यावर सगळे अवलंबून असते, हे मला तेव्हापासून पटले आहे.

एकदा हे लक्षात आल्यावर बाकीचेही उलगडू लागले. जामा म्हणजे कमरेखाली घेर असलेला लांब अंगरखा. त्याचा घेर घ्या. हल्ली छत्रीसारखा गोल घेर कापतात. त्याला मोठ्या पन्ह्याचे कापड लागते आणि कोपऱ्यांतले बरेच वाया जाते. हातमागाचे कापड अरुंद. त्यावर गोल घेर बेतायचाच कसा? म्हणून कळ्या. लांब आयताकृती तुकडा तिरका कापला की दोन कळ्या निघतात, एकीचे डोके वर, दुसरीचे खाली. चिंधीसुद्धा उरत नाही. प्रत्येक कळीची एक कड सरळ असते, दुसरी तिरकी. शिवताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला जोडायची. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर चार दिवस खुंटीला टांगलेल्या जाम्याचा घेर मध्येच लोंबतो. हे कोणी मला शिकवले नाही, कापडाने शिकवले. तुमानीचे तसेच. घोट्याशी चुण्या पडणारी घट्ट तुमान उरेबच, म्हणजे कापडाच्या तिरक्या अंगाने, कापावी लागते, नाही तर गुडघा वाकत नाही. कापडाची थैली शिवून मग ती तिरकी उलगडायची, म्हणजे उरेब कापड कमीत कमी नुकसानीत मिळते. जुने कारागीर हे डोळे मिटून करत. आता लेगिंग आली, थैली गेली.

कापडाबद्दल मात्र मी भांडते. भाड्याचा मावळ्याचा पोशाख चकाकणाऱ्या पॉलिएस्टरचा असतो आणि हीच पोरे रात्री मशालींचे खेळ करतात. सुती कापडावर ठिणगी पडली तर ते जळते, झटकता येते, विझवता येते. पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. एका मुलाच्या दंडावर तसा डाग आजही आहे. पोशाख कोणत्या दुकानाचा होता ते लिहीत नाही, सगळीकडे तोच माल मिळतो. आयोजक मशालीला परवानगी घेतात, अग्निशामक बंबाची सोय पाहतात. पोरांच्या अंगातल्या कापडाकडे कोणी पाहत नाही. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिन साजरा होतो. पावसाच्या तोंडावरचा तो उकाडा, गर्दी, गडाची चढण, आणि अंगात अस्तर लावलेली मखमली शेरवानी! तिथे सुती जामा घालून बघा, मग कळेल पूर्वीची माणसे तो का घालत होती.

खर्चाचे कारण सांगतात ते मला पटत नाही. मावळ्याला लागते काय? मांजरपाटाचा अंगरखा, गुडघ्यापर्यंत चोळणा, कमरेला शेला, डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी. मांजरपाट आजही कापडबाजारात सगळ्यात स्वस्तात मिळणाऱ्या सुती कापडांपैकी आहे. पाचसहा वेळा भाड्याने आणलेल्या पोशाखाच्या पैशांत एक अंगरखा कायमचा शिवून होतो आणि धाकट्या भावाच्याही कामी येतो. पण मांजरपाट चमकत नाही, फोटोत उठून दिसत नाही, ही खरी अडचण! १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांचे मावळे रात्री सिंहगडाचा कडा चढले. ते केशरी सॅटिन घालून चढले असते तर पहाऱ्यावरच्या उदेभानाच्या माणसांना कष्टच पडले नसते.

रंगाचेही असेच. विल्यम पर्किनने लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग काढला तो १८५६ साली. त्याआधीचे सगळे रंग झाडापानांचे, मुळांचे, लाखेसारखे किड्यांचे. मंजिष्ठाच्या मुळांचा तुरटीवर धरलेला लाल, नीळ, नीळ आणि हळद मिळून हिरवा, पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी, करडईच्या फुलांचा कुसुंबी. हिरडा तर आपल्या सह्याद्रीतला. त्याच्या पाण्यात लोखंड पडले की काळा रंग. मी घरच्या पातेल्यात मंजिष्ठ आणि हिरडा करून पाहिले आहे. लाल येतो तो विटेसारखा, शांत. कुसुंबी उन्हात टिकत नाही, धुण्यात जातो, म्हणजे जुन्या काळी कुसुंबी नेसणे ही चैन होती. मिरवणुकीत नैसर्गिक रंगच हवा असा माझा हट्ट नाही, ते परवडणारे नाही. पण नवा रंग निवडतानाही विटकरी, हळदी, निळा, मातकट असे रंग मिळतात की. ट्रॅफिक पोलिसाच्या जाकिटासारखा केशरीच कशाला?

आणि कोणते साल हे कोणी विचारत नाही, ही तर मोठीच गंमत. ‘ऐतिहासिक वेश’ म्हटले की शिवकाळ, पेशवाई आणि लग्नातला फेटा सगळे एकाच पिशवीतून निघते. शाळेच्या स्नेहसंमेलनात बाजीप्रभूंच्या भूमिकेतल्या मुलाच्या डोक्यावर पुणेरी पगडी पाहिली. पावनखिंड १६६० सालची. पुणेरी पगडी रूढ झाली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात. मुलाची चूक नाही, बाईंची नाही. दुकानात ‘ऐतिहासिक’ म्हणून तीच ठेवलेली असते. जाम्याचा बंद कोणत्या काखेत बांधायचा यालाही त्या काळी अर्थ होता. मुघलकालीन चित्रांत हिंदू सरदारांचा जामा डाव्या काखेत बांधलेला दिसतो, मुसलमान उमरावांचा उजव्या. शिवणाऱ्याला कापड कापण्याआधीच हे ठरवावे लागते, कारण पुढचा कोणता पदर वर येणार हे त्यावर ठरते. भाड्याच्या जाम्याला मात्र मधोमध वेल्क्रो असतो आणि बंद नुसते शोभेला लोंबत असतात.

बायकांच्या पोशाखाचे मी थोडक्यात सांगते, कारण तिथे शिवणे कमी आणि नेसणे जास्त. शिवलेली नऊवारी घालून घोड्यावर बसता येते असे सांगून विकतात. न शिवलेली नऊवारी नीट कासोटा घालून नेसली तर घोड्यावरच काय, शेतात दिवसभर वाकता येते. आमच्या आज्या तेच करत होत्या. मुलींना नेसायला शिकवा, शिलाईचे पैसे वाचवा. एवढेच की खणाच्या चोळीला पाठीमागे लटकन लावून आणू नका. तेवढे माझ्याच्याने होत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. मी शिकले कुठून? चित्रांवरून. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्समुझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे आहेत. राइक्समुझियमचे तर मोबाइलवर फुकट आणि मोठे करून पाहता येते. भाच्याने ते काढून दिले तेव्हा मी कितीतरी वेळ फक्त बाह्या पाहत बसले. जाम्याची बाही हातापेक्षा लांब कापत आणि मनगटाशी तिच्या बारीक चुण्या पडू देत, हे अशा चित्रांतूनच समजते. आमच्या जवळच, वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रे आहेत. पेशवाईतले अंगरखे आणि पागोटी तिथे पाहायला मिळतात. आणि जिवंत शिवण पाहायची तर सोलापूर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज घेणारे भक्त पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात, आजही, आणि ती शिवणारे हात आजही सोलापुरात आहेत. बंद कुठे लावायचा, त्याच्या मागे जोडाचा तुकडा कसा घालायचा म्हणजे ओढून बांधला तरी उचकटणार नाही, हे त्या बाराबंदीवरून मी उचलले. तिथल्या एका वयस्कर शिंपीकाकांनी स्वतःच्या दुकानात बसवून दाखवले, चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

पण चित्रकार शिवण काढत नाही. त्याला जामा कसा दिसतो ते दाखवायचे असते, कसा जोडला आहे ते नाही. ते फक्त खऱ्या जुन्या वस्त्रात कळते, आणि तेही आतून. कच्ची कड कशी दुमडली, धावदोरा आहे की उलट टाका, कळ्या किती रुंद, कमरेशी चुण्या एकसारख्या आहेत की बगलेत दाट, अस्तर कुठे आहे आणि कुठे मुद्दाम सोडले आहे. शिलाई मशीन सर्रास वापरात आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीचा प्रत्येक टाका हाताचा, आणि हाताच्या टाक्यात शिवणाऱ्याची सगळी अक्कल दिसते.

जुनी वस्त्रे आपल्याकडे नाहीत असे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, शेजारी अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात आहेत. इतरही लहानमोठ्या ठिकाणी आहेत. पण सगळीकडे वस्त्र काचेमागे, पुढून पाहायचे. एका ठिकाणी (वरच्या तिघांपैकी हे नव्हे) एक अंगरखा टांगला होता. त्याची काख पाहायला मी जरा वाकले, तर रखवालदाराने हटकले. तो त्याचे काम करत होता. मी रीतसर अर्ज दिला, की आतली बाजू एकदा पाहू द्या, हात लावणार नाही, तुमच्या माणसाने उलटून दाखवले तरी चालेल. पोच मिळाली. पुढे काही नाही. फोनवर एवढे कळले की ‘संशोधकांनाच’ परवानगी असते. मी दहावी झालेली शिवणकाम करणारी बाई, संशोधक कुठून होणार?

संग्रहालयांची भीती मला समजते. जुने रेशीम घडीवरच तुटते, प्रकाशाने विरते. म्हणून वस्त्रांच्या दालनात दिवे मंद ठेवतात, साधारण ५० लक्सच्या वर जाऊ देत नाहीत. शंभर शिंपी येऊन शंभर वेळा वस्त्र उलटू लागले तर ते उरणार नाही. म्हणूनच मागणी अशी आहे, की हे काम एकदाच आणि नीट व्हावे. प्रशिक्षित माणसाने वस्त्र टेबलावर पसरावे, सेंटिमीटरमध्ये मोजावे, प्रत्येक तुकड्याचा आराखडा काढावा, आतल्या शिवणींची जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि हे सगळे मराठीत सर्वांसाठी खुले करावे. मग वस्त्र पुन्हा अंधारात गेले तरी कोणाची हरकत नाही. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कपड्यांचे असे मोजून काढलेले आराखडे छापून मिळतात. तिथला हौशी माणूस ते समोर ठेवून घरी शिवतो. आपण मात्र फोटो पाहून अंदाजाने कात्री चालवतो.

कोणी म्हणेल, गडांची पडझड होत असताना अंगरख्याच्या काखेचे काय घेऊन बसलात. पण २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, त्यात आमचा प्रतापगडही आला. तिथे आता बाहेरचे पाहुणे येणार, त्यांना खेळ दाखवले जाणार, पोवाडे होणार, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काहीतरी घालून उभा राहणार. २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्यात मांडली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. मीही रांगेत होते. हत्याराबद्दल हे प्रेम आहे तर वस्त्राबद्दल का नसावे? महाराजांच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना, म्हणजे वस्त्रांचे कोठार, वेगळा होता. शाहू महाराजांनी १७२० साली बाजीरावांना पेशवेपद दिले ते वस्त्रे देऊन. ज्या राज्यात अधिकारच वस्त्राने बहाल होत असे, तिथे ती वस्त्रे शिवली कशी हे आम्हाला सांगता येत नाही.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने आपल्या ताब्यातल्या वस्त्रांपैकी निदान एक जामा, एक अंगरखा, एक तुमान आणि एक चोळी यांपासून सुरुवात करावी. आराखडे काढायला फार पैसा लागत नाही, वेळ आणि नजर लागते. ज्या मुलींना आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवले जाते, त्यांना वर्षातून एखादा चौबगला आणि एखादी कळीची शिवण शिकवली तरी पुष्कळ झाले. गोल मुंढा त्या शिकतातच. आणि मोजणीच्या वेळी टेबलापाशी एक शिवणारा माणूस असू द्या. अभ्यासकाला तारीख कळते, कापड कळते, पण एखादी कड मुद्दाम सैल सोडली आहे की वापरून सैल झाली आहे, हे ज्याने टाके घातले आहेत त्यालाच चटकन कळेल. सोलापूरच्या शिंपीकाकांना आधी बोलवा, त्यांचे वय झाले आहे. त्यांच्यानंतर मला बोलावले तर माझा टेप आणि भिंग घेऊन मी येईन, प्रवासखर्च माझा मी करीन.

आपली नम्र,
शिवणकाम करणारी एक वाचक,
सातारा